वरच्या मळ्याची निरवानिरव

घटस्फोटाचे कागद आले त्या दिवसापासून सुनेला आता काय म्हणायचं, हा प्रश्न घरात होता आणि ज्यानं त्यानं तो आपापल्या सोयीनं सोडवला होता. माईंचा मुलगा तिचा उल्लेख ‘तळघरातल्या बाई’ असा करायचा, जणू ती तिथं वाइनच्या पिंपांबरोबरच आली होती. घरची वाइन तीच करायची, आणि घटस्फोटानंतरही ती याच घरात राहिली होती. त्याची धाकटी बहीण, शहरातल्या शाळेत गणित शिकवणारी, हट्टानं ‘वहिनी’च म्हणायची. काका म्हणजे माईंचे दीर, जन्मभर लाकडी पिंपं ठोकून ठोकून कानानं अर्धे झालेले. ते ‘अगं ए’वर भागवायचे. माई एकट्याच तिला अजून सून म्हणत होत्या. नवरा-बायकोचं नातं कोर्टात मोडतं, हे त्यांना मान्य होतं. सासू-सुनेचं मोडायला कोर्टात कुणी गेलंच नव्हतं.

द्राक्षांची तोडणी उरकली की त्या रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ही या घराची जुनी सवय. या वर्षी मात्र माईंना सकाळपासून धडकी भरली होती. उन्हाळ्यात मुलानं दुसरं लग्न केलं होतं आणि नवी सून पहिल्यांदाच जुन्या सुनेबरोबर एका टेबलावर बसणार होती. नवी दातांची डॉक्टर होती. माई तिला तोंडावर ‘डॉक्टर’ आणि पाठीमागं ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायच्या, आणि दोन्ही वेळा ‘अहो-जाहो’ करायच्या. अहो-जाहो करून माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवता येतं, ही कला त्यांना त्यांच्या सासूनं शिकवली होती.

कुणी कुठं बसायचं, यावर त्यांनी दोनदा खुर्च्या हलवल्या. शेवटी काकांना दोघींच्या मधे बसवलं. ऐकू येत नाही, तेव्हा भिंत म्हणून बरे.

सून तळघरातून बाटली घेऊन वर आली. हात नेहमीसारखेच, नखांच्या कडा जांभळ्या. बूच काढून तिनं सगळ्यांच्या ग्लासात थोडी थोडी वाइन ओतली. वरच्या मळ्याची.

वरचा मळा म्हणजे डोंगराच्या पार खांद्यावर, रस्ता संपतो त्याच्याही वर, दगडी बांधांनी तोलून धरलेल्या ओळी. तिथल्या वेली माईंच्या आजेसासऱ्यांनी लावलेल्या. खोडं मांडीएवढी जाड आणि उंची मात्र गुडघ्याएवढी, वाऱ्याला भिऊन बसल्यासारखी. घड मोजके, दाणा बारीक. खालच्या मळ्यात यंत्र फिरतं आणि दुपारपर्यंत ओळी रिकाम्या होतात. वरती माणूसच जायला हवं, तेही वाकून. आणि सगळ्यांची द्राक्षं आत आल्यावर, पहाटे गवत पांढरं पडायला लागलं की मग कुठं तो मळा पिकतो.

मुलानं ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. पलीकडची बोटं दिसत होती.

“फिकट आहे,” तो म्हणाला.

“जरा पाणचटच लागतेय या खेपेला,” बहीण म्हणाली. नंतर वहिनीकडं बघून, “म्हणजे, माझंच तोंड आलंय, त्यामुळं असेल.”

“राहू दे थोडा वेळ,” सून म्हणाली. “थंडीतून आलीये. लगेच बोलणार नाही ती.”

ग्लास तसेच राहिले. जेवण सुरू झालं. पावसाचं, रस्त्याचं, काकांच्या कानातल्या नव्या यंत्राचं बोलणं झालं. ते यंत्र काकांनी खिशात ठेवलं होतं, कारण कानात घातलं की फार ऐकू येतं, अशी त्यांची तक्रार होती. माईंना जरा हायसं वाटायला लागलं आणि तेवढ्यात सुनेनं हातातला चमचा खाली ठेवला.

“मला एक सांगायचंय. पलीकडच्या खोऱ्यात नवी वाइनरी उभी राहतेय. त्यांनी मला बोलावलंय. मी हो म्हटलंय.”

मुलीनं ताट पुढं सरकवलं.

“कोण मेलंय?” काकांनी सगळ्यांचे चेहरे बघून विचारलं.

“कुणी मेलं नाही काका, वहिनी चाललीये,” मुलगी ओरडून म्हणाली. ओरडून सांगितल्यामुळं ते जास्तच खरं झालं.

माईंनी आधी मुलाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, हे त्या आईला दिसलं, आणि त्या सुटकेच्या पाठोपाठ भीती आली, तीही दिसली.

“मग वरचा मळा?” त्यानं विचारलं.

“तो तुमचा आहे,” सून म्हणाली.

“मला खालचं बघता बघता नाकी नऊ येतात. वर कोण जाणार?” तो ताटात बघत राहिला. “सोडून द्यायचा. दुसरं काय. डोंगराचा होता, डोंगराला परत.”

हे मात्र काकांना नेमकं ऐकू आलं. आजवर त्या घरात काही बिनसलं की काका पुतण्याची बाजू घ्यायचे. घटस्फोटातही घेतली होती, ‘पुरुषाचं मन’ वगैरे बोलून. आता त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की मीठ सांडलं.

“सोडून द्यायचा? अरे, त्या बांधाचे दगड तुझ्या बापानं आणि मी पाठीवरून वाहिलेत! बायको सोडलीस, आम्ही गप्प बसलो. आता मळा सोडतोस?”

“काका!” माई म्हणाल्या.

“दादा चूक बोलत नाहीये पण,” मुलगी म्हणाली, आणि माई तिच्याकडं बघतच राहिल्या. वहिनीची पाठराखीण म्हणून भावाशी अबोला धरलेली ही पोरगी. “नाही, खरंच. तुम्ही दोघं दगड वाहिलेत काका, कबूल. पण गेली कित्येक वर्षं वर एकटी वहिनी मरतेय. आपण सगळे खाली बसून कौतुक करतो. कौतुकाला काय जातंय?”

माईंना राग आला आणि राग आला की त्यांना तो ठेवायला जागा लागायची. ती त्यांना सापडली.

“घरात एक माणूस वाढलं, की एक कमी व्हायलाच पाहिजे, असा काही नियम नाही,” त्या डॉक्टरच्या ताटाकडं बघत म्हणाल्या.

डॉक्टरचा हात थांबला. ती लाल झाली, पण उठली नाही.

“माझ्यामुळं असेल तर तसं स्पष्ट सांगा,” ती हळू आवाजात म्हणाली. “आम्ही गावात भाड्यानं राहू. माझा दवाखाना तिथंच आहे. मला या घरात कुणाची जागा नकोय.”

“तुमच्यामुळं नाही,” सून म्हणाली. काकांच्या पाठीमागून वाकून, कारण भिंत मधे होती. “खरं सांगू? तुम्ही आलात म्हणून मला जाता येतंय. इतके दिवस वाटायचं, मी पाय काढला की हे घर उघडं पडेल. आता नाही पडणार.” मग ती सगळ्यांकडं वळली. “आणि तुम्ही सगळे मला फार सांभाळता हो. मी खोलीत आले की आवाज खाली येतो. आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसे बोलता. गेल्या दोन वर्षांत या घरात माझ्याशी कुणी भांडलेलं नाही! मला कुठंतरी जायचंय, जिथं लोक माझ्याशी मोठ्यानं भांडतील.”

डॉक्टर कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. दवाखान्यात ती अशीच दिसत असणार.

“शिकायला किती वेळ लागतो?” तिनं विचारलं.

“काय शिकायला?”

“वरचा मळा. तुम्ही सगळे म्हणताय, ठेवायचा की सोडायचा. पण शिकायला किती वेळ लागतो, हे कुणी विचारलंच नाही.”

सून तिच्याकडं बघत राहिली. हा प्रश्न तिलाही आजवर कुणी विचारला नव्हता. माईंनीसुद्धा नाही.

“एक छाटणी शिकली की वेल जगते,” ती शेवटी म्हणाली. “बाकीचं ती स्वतःच शिकवते. खडूस आहे, पण शिकवते.”

“मग छाटणीपर्यंत थांबाल?”

सुनेनं मान हलवली. हो की नाही, ते कळायच्या आत डॉक्टरनं मघापासून तसाच राहिलेला ग्लास उचलला. जेवणात ती सहसा प्यायची नाही. दातांवर डाग पडतात, म्हणून. एक घोट घेतला, थांबली, आणि ग्लास नाकाशी नेऊन पुन्हा थांबली.

“तुम्ही सगळे पाणचट म्हणत होता, ती हीच ना?”

मग सगळ्यांनीच आपापले ग्लास उचलले. माईंनीही. मघाशी जिच्यात थंडीशिवाय काही नव्हतं, ती वाइन भांडण चाललेलं असताना आपली आपण उमलली होती. आधी सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा वास आला, पेटी उघडल्यावर येतो तसा. मग ऊन पडलेल्या दगडाचा. जिभेवर ती तलम कापडासारखी सरकली, आणि गिळून झाल्यावरही मागं एक आंबटगोड धागा किती वेळ रेंगाळत राहिला. खालच्या मळ्याची वाइन दणदणीत होती, आल्या आल्या खांद्यावर हात टाकणारी. ही तशी नव्हती. ही दारात उभी राहायची. आत या म्हटलं की यायची.

मुलगा कितीतरी वेळ ग्लास धरून बसला होता.

“कुठल्या वर्षाची?” त्यानं विचारलं. तिच्याकडं न बघता, पण तिलाच.

“आपण बोलत नव्हतो त्या वर्षाची.”

माईंना ते वर्ष आठवलं. दोघं वरच्या मळ्यात एका ओळीच्या दोन टोकांना तोडणी करायचे आणि मधे पोचले की आपापल्या पाट्या उचलून वेगळ्या वाटांनी उतरायचे.

“मग न बोलता बरंच जमत होतं की तुमचं,” काका म्हणाले. यंत्र त्यांनी कधी कानात घातलं होतं, कुणालाच कळलं नाही.

आधी सून हसली, मग मुलगी, आणि मग मुलगाही, डोळे पुसत. डॉक्टर हसावं की नाही या विचारात होती. काकांनी तिच्या पाठीवर थाप मारल्यावर तीही हसली.

भांडी विसळताना माईंनी मुलीला गाठलं.

“मी तिला थांब म्हणणार आहे.”

“म्हण. ती थांबेल.”

“मग झालं तर.”

“माई, ती थांबेल, म्हणून तर म्हणू नकोस.” मुलीनं हातातलं ताट फडक्यानं पुसलं, आधीच कोरडं होतं ते. “तुला ती नाही म्हणूच शकत नाही. नवऱ्याला म्हणाली, तुला नाही म्हणणार. मग म्हातारपणापर्यंत इथं राहील, तुझी सून म्हणून, आणि घरात कुणाचीच कुणी नाही म्हणून. तुला चालेल?”

“मला एकटीला टाकून तुम्ही सगळे शहाणे झालात,” माई म्हणाल्या, आणि नळ मोठा सोडला.

छाटणी थंडीत सुरू झाली. माई वर गेल्या नाहीत. रोज खिडकीतून बघायच्या. उतारावर ठिपके हलताना दिसायचे. सून रोज असायची. मुलगा खालची कामं टाकून जमेल तसा जायचा. सुट्टीच्या दिवशी तिसरा ठिपका यायचा, लाल टोपी घातलेला. तो डॉक्टरचा. संध्याकाळी तिघं खाली यायचे, गार पडलेले, आणि स्वयंपाकघरात शेगडीभोवती हात शेकत वेलींबद्दल असे बोलायचे की माईंना आपणच पाहुणे आहोत, असं वाटायचं.

बोलायचं ते मनात साचत गेलं. ‘थांब’ हा शब्द एवढासा, पण तो सारखा घशाशी यायचा. शेवटी थंडी सरत आली, सुनेच्या खोलीत खोकी दिसायला लागली, तेव्हा एका दुपारी माईंनी जाडे बूट घातले, काठी घेतली आणि वरची वाट धरली. मुलगी काहीही म्हणो. आपल्या माणसाला थांब म्हणण्यात कसली लाज?

चढ पूर्वीपेक्षा उभा झाला होता. प्रत्येक बांधाशी टेकत, धापा टाकत त्या शेवटच्या वळणावर पोचल्या, आणि आवाज ऐकून तिथंच थांबल्या.

“खुंट ठेव, खुंट! काय हे! किती वेळा सांगायचं?”

सून ओरडत होती. माईंनी तिला इतक्या वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. समोर मुलगा हातात कात्री घेऊन, शाळेत चुकलेल्या पोरासारखा उभा होता.

“बुंध्याला चिकटून कापलंस की जखम आत उतरते. खोड आतून वाळत जातं. थोडं बाहेर ठेवायचं, म्हणजे वाळायचं ते बाहेर वाळेल.”

“हो.”

“हो नाही. दाखव करून.”

त्यानं करून दाखवलं. मान खाली घालून, एक शब्दही उलट न बोलता. माई काठीवर भार टाकून बघत राहिल्या. संसार होता तेव्हा ही कधी ओरडली नाही आणि यानं कधी ऐकलं नाही. आता संसार उरला नाही, तर एकजण ओरडतेय आणि दुसरा ऐकतोय. हसावं की रडावं?

पलीकडच्या ओळीत लाल टोपी वाकलेली होती. डॉक्टर एका म्हाताऱ्या, पोकळ खोडाच्या वेलीपुढं गुडघ्यांवर बसली होती. काडी दोन बोटांनी उलटसुलट करून तिनं नीट निरखली, कात्री लावली, कट्ट. पुढची काडी. कट्ट. हात जराही थरथरत नव्हता.

“बघू,” म्हणत सून तिच्याकडं गेली. वाकून पाहिलं. “फुटायला दोन डोळे ठेवलेस, बरोबर. पण अगं, वरचा डोळा आत वळलेला आहे. फांदी आतच शिरेल ना. बाहेर बघणारा ठेव.”

अगं. माईंनी तो शब्द ऐकला. या दोघींचं ‘अहो’ कुठल्या आठवड्यात, कुठल्या ओळीत गळून पडलं, कोण जाणे.

“म्हणजे आतली नस जिवंत ठेवायची, कीड मुळापर्यंत जाऊ द्यायची नाही, आणि शेजारच्याला धक्का लावायचा नाही,” डॉक्टर म्हणाली. “रोज हेच करते मी. फक्त या वेली तोंड मिटून घेत नाहीत.”

“आणि ओरडतही नाहीत,” मुलगा लांबून म्हणाला.

“ओरडायला तुझी शिक्षिका आहे ना.”

माईंना हसू फुटलं आणि त्यांचा पत्ता लागला. तिघांनी वळून पाहिलं. डॉक्टर पटकन उठली, आपलं जाकीट काढून बांधाच्या दगडावर अंथरलं आणि म्हणाली, “बसा. दगड गार आहे.”

माई बसल्या. जाकीट गरम होतं. “तू काय घालशील मग?” त्या म्हणाल्या, आणि आपण काय म्हणालो ते म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. डॉक्टरच्याही आलं. ती नुसती टोपी कानांवर ओढून पुन्हा वेलीशी जाऊन बसली.

थोड्या वेळानं सून येऊन माईंशेजारी टेकली. खाली सगळं खोरं पसरलं होतं, घर एवढंसं दिसत होतं.

“माई, तुम्ही मला थांब म्हणायला आला होतात ना?”

“हो.”

“मग?”

“चढून दम लागला,” माई म्हणाल्या. “विसरले.”

सुनेनं त्यांचा हात हातात घेतला. तिचा गार होता, खरखरीत. माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वारा होता, त्यामुळं पुसायची गरज नव्हती.

वेलींना कोंब फुटायच्या आधी सून निघाली. सकाळी दारात टेम्पो लागला. सामान फार नव्हतं. खोकी, एक पलंग, पुस्तकं, आणि काकांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं एक छोटं पिंप. ते देताना काकांनी पिंपाच्या कड्यावर टिचकी मारून आवाज ऐकवला. मुलगा खोकी चढवत होता आणि कुठलं खोकं कुठं जावं, यावर दोघांची जोरात वादावादी चालली होती. डॉक्टर वरच्या एका आजारी वेलीबद्दल शेवटच्या शंका विचारत होती. आदल्या रात्रीच शहरातून आलेली मुलगी सगळ्यांच्या मधे उभी राहून रडत होती.

माई कुठं दिसत नव्हत्या. मुलगा हाक मारायला आत वळला, तेवढ्यात त्या बाहेर आल्या. अंगावर प्रवासाचा कोट, हातात पिशवी. कुणाकडं न बघता त्या टेम्पोच्या पुढच्या दाराशी गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “हात द्या जरा, पायरी उंच आहे.”

“माई, हे काय?” मुलानं विचारलं.

“काय म्हणजे? नव्या जागेत पोरगी एकटी जाणार? भांडी कुठं, डबे कुठं, काही ठाव आहे का? स्वयंपाकघर लावून देते आणि येते. लेकीचं घर लावायला आई जातेच.”

सून टेम्पोच्या दुसऱ्या दाराशी उभी होती.

“अहो, पण परत कधी येणार?” काका ओरडले.

“चार दिवस राहीन. नाहीतर आठ.” माईंनी कोट नीट सावरला आणि पिशवी मांडीवर घेतली. “लेकीकडं जास्त राहिलं की जावयाची अडचण होते म्हणतात. इथं तो प्रश्नच नाही.”

मुलगा आधी कानकोंडा झाला आणि मग मोठ्यानं हसला. सून आत चढली, माईंना खेटून बसली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. डॉक्टर धावत खिडकीशी आली.

“माई, आणि आम्ही दुपारी काय करायचं?”

“भात-डाळीचे डबे वरच्या फळीवर आहेत, बाळा,” माई म्हणाल्या. “जे काय ते तुमचं तुम्ही शिजवा. आणि काकांना कानात यंत्र घालायला लाव.”